फरशी नको, कठडा तपासा

वॉर्डात फिनेलचा वास आला आणि फरशी चकचकली, की मी तक्त्यावर ‘स्वच्छ’ लिहून पुढे जायचे. इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून सुरुवातीची दोन वर्षं माझी तपासणी ती एवढीच. पण पेशंटचा हात फरशीला कुठे लागतो? तो लागतो कॉटच्या कठड्याला, कॉल बेलला, लॉकरच्या मुठीला, फ्लशच्या दांड्याला. आणि एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू), ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी महिनेही तग धरतात.

म्हणून आधी मोजा. फ्लुरोसंट जेल मिळतं. त्याचा टिकलीएवढा ठिपका वाळला की दिसत नाही, ओल्या फडक्याने सहज निघतो आणि उरलाच तर यूव्ही टॉर्चखाली चमकतो. दहा कॉट निवडा, प्रत्येकीभोवती बारा ठिपके लावा. कुठे लावले ते स्वतःच्या वहीत लिहा, कुणाला सांगू नका. सफाई झाल्यावर टॉर्च घेऊन जा. १२० पैकी ५४ गेले असतील तर सफाई ४५ टक्के. कापडावर किंवा खरखरीत लाकडावर ठिपका लावू नका, तो मुरतो आणि उगाच कुणाला बोल लागतो.

आमचा पहिला आकडा निम्म्याच्या खाली आला. अमेरिकेतले संशोधक डॉक्टर फिलिप कार्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ३६ रुग्णालयांचे आकडे छापले, त्यांचीही सुरुवात ४८ टक्क्यांवरच होती. मोजून, दाखवून, शिकवून ती रुग्णालयं ७७ पर्यंत गेली.

आकडा घेऊन सुपरवायझरकडे जाऊ नका. टॉर्च सफाई करणाऱ्या मावशींच्या हातात द्या. आमच्या मावशी वाकल्या, तर कठड्याच्या आतल्या बाजूला ठिपका लखलखीत. “अहो सिस्टर, मी रोज पुसते हो!” खरंच पुसत होत्या, पण बाहेर उभं राहून बाहेरची बाजू. पेशंट धरतो आतून. मॉनिटरच्या बटणांवरचे तर दहाच्या दहा ठिपके जागच्या जागी. आम्हाला वाटायचं ते हाउसकीपिंगचं काम, आणि त्यांना ताकीद होती की मशीनला हात लावायचा नाही. कुठली वस्तू कोण पुसणार हे नावानिशी लिहून भिंतीवर लावलं, तेव्हा कुठे आकडा हलला.

पुसण्याची रीत: फडकं दोनदा दुमडा म्हणजे आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की दुसरी. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. वरून खाली, स्वच्छ जागेकडून घाणेरड्या जागेकडे. आधी डिटर्जंट, मग जंतुनाशक (आमच्याकडे हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण), कारण मळ असला की क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतं. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर १ भागाला ४९ भाग पाणी, म्हणजे ०.१ टक्के. रोज ताजं करा, ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका. लेबलवर जितकी मिनिटं लिहिलीत तितका वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. लगेच कोरडं पुसलं तर मेहनत पाण्यात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूच्या पेशंटच्या खोलीत अल्कोहोलचे वाइप्स कामाचे नाहीत, त्या जंतूचे बीजाणू (कवचातलं चिवट रूप) अल्कोहोलने मरत नाहीत.

एटीपी (सजीव पेशींत असणारं एक रसायन) मोजणारा मीटर असेल तर वापरा, आकडा काही सेकंदांत येतो. मात्र तो उरलेला सेंद्रिय मळ मोजतो, जंतू नाही, आणि दोन कंपन्यांच्या मीटरचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

मोजणी दर महिन्याला, जागा बदलून. गेल्या खेपेला जागा मावशींनीच सुचवली: आमच्या नर्सिंग स्टेशनवरचा फोन आणि कीबोर्ड. सहा ठिपके लावले. सहाही तसेच मिळाले.