आधी विमान, मग बँक, मग बाकीचं

चवथीला आठ दिवस उरलेले नि माझ्या मशीनवर सोळा ब्लाउज पडून. अशात एका नेहमीच्या गिऱ्हाईकबाईच्या नंबरावरून 'गृहप्रवेशाचं आमंत्रण' आलं. उघडायला गेले तर फोन विचारतो, हे अ‍ॅप टाकू का? पत्रिकेला कसलं अ‍ॅप! पण डोक्यात मापं होती, 'हो' 'हो' दाबत गेले. थोड्या वेळात माझ्याच नावाने तेच आमंत्रण अर्ध्या डिचोलीला पोचलं.

मी ते अ‍ॅप काढत बसले, तिथेच चुकले. काढायचं बटण दबेना, आणि त्या झटापटीत खात्यातून नऊ हजार गेले.

तुम्ही आधी फोन विमान मोडवर टाका. वायफायही बंद झालंय ना बघा. असली अ‍ॅपं एसएमएस वाचतात आणि ओटीपी परस्पर ठगाकडे धाडतात; ती वाट आधी तोडायची.

लगेच शेजारणीच्या फोनवरून बँकेला कळवा. नंबर कार्डाच्या पाठीवर असतो, गुगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. खातं, कार्ड, यूपीआय, तिन्ही थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक उतरून घ्या. मी तो खडूने अस्तरावर लिहिला! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, चूक आपली असली तरी कळवल्यानंतर जो पैसा जाईल तो बँकेच्या माथी. आधी गेला त्याचा तोटा आपला. त्यामागोमाग १९३० लावा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यात असेल तर तिथेच अडवता येतो.

आता ते अ‍ॅप. दुसऱ्या फोनने मेसेजचे, व्यवहारांचे फोटो काढून ठेवा, पोलिसांना लागतात. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' शोधा, म्हणजे फोनवर जादा ताबा दिलेल्या अ‍ॅपांची यादी. माझ्याकडे तिथे एक बिननावाचं पांढरं चिन्ह बसलं होतं. त्याची खूण काढली, मग अ‍ॅप निघालं. तरी भाच्याने फॅक्टरी रीसेट मारून फोन कोराच केला, आणि बरोबर केलं.

कोऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपला नंबर पुन्हा घाला. सहा आकडी कोड दिला की ठग बाहेर पडतो. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही दिसलं तर काढा, टू-स्टेप पिन लावा. ईमेलचा पासवर्डही बदला. कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ##००२# लावून बंद करा.

शेवटी त्या बाईला फोन केला, मेसेज नव्हे. म्हणाली, "अगो, कसला गृहप्रवेश? आमचं घर अजून गळतंय."