मिनी ट्रॅक्टरसाठी लेव्हलर घरीच बनवताय? या चुका टाळा

फार्महाऊसचा मुरमाचा रस्ता किंवा पॉलिहाऊसभोवतीची जागा सारखी करण्यासाठी दर वेळी जेसीबी बोलावणे परवडत नाही, म्हणून पुणे परिसरात अनेक जण मिनी ट्रॅक्टरमागे लावायचे लेव्हलर स्वतःच तयार करून घेतात. भोसरीत हव्या त्या मापाची प्लेट कापून मिळते आणि गावोगावी वेल्डरही असतो. काम फसते ते बहुधा त्याआधीच, मापे ठरवताना.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आखूड सांगाडा. थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार जोडण्याच्या तीन दांड्यांना (खाली दोन, वर एक), नुसते एक पाते टांगले, तर पुढची चाके उंचवट्यावर चढताच मागचे पाते खाली जाऊन खोल खणते आणि मागची चाके चढली की तेच पाते वर उचलले जाते. परिणामी रस्ता सपाट होण्याऐवजी त्यावर लाटा उमटतात. यावर खरा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना जमिनीवरून घसरत जाणाऱ्या, किमान दीड मीटर लांबीच्या जाड पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये किंचित तिरकी बसवलेली दोन पाती. पात्यांची धार पट्टीच्या तळाशी समपातळीत किंवा फार तर 10 ते 12 मिमी खाली असावी आणि ती कमी-जास्त करता यावी यासाठी पात्याला लांबट भोके ठेवावीत. टॉप लिंक म्हणजे वरची दांडी जिथे जोडली जाते, तिथेही गोल भोकाऐवजी साधारण 50 मिमीची खाच ठेवावी, अन्यथा सांगाडा जमिनीवर टेकून चालण्याऐवजी ट्रॅक्टरबरोबर डोलत राहतो. ही खाच न ठेवता केलेले लांब लेव्हलर म्हणजे माझ्या मते वाया घालवलेले लोखंड.

दुसरा प्रश्न वजनाचा. मिनी ट्रॅक्टरचे हायड्रोलिक अवजार उचलते, ते जमिनीत दाबत नाही. त्यामुळे हलके लेव्हलर कडक मुरमावरून नुसते घसरत जाते. मात्र वजन वाढवतानाही हिशेब हवा. 10 मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट 78.5 किलो भरते. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकातली 750 किलोसारखी उचलक्षमता बहुधा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेली असते, तर लांब अवजाराचे वजन त्याच्याही मागे पडते. अवजार उचलल्यावर एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. स्टेअरिंग हलके लागू लागले, तर पुढे वजने लावावीत.

पात्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगमधल्या जुन्या पाट्याचा तुकडा थेट वेल्ड करण्याचा मोह अनेकांना होतो. ते स्प्रिंग स्टील असल्याने थंड अवस्थेत केलेल्या वेल्डच्या कडेला ते ठिसूळ होते आणि दगडाला अडताच तिथेच तडकते. तो तुकडा नट-बोल्टने बसवावा. जेसीबीच्या बकेटची जुनी धारही अशीच बोल्टने लावता येते आणि झिजली की बदलता येते.

लिंकेजची मापे दुसऱ्याचे अवजार पाहून घेऊ नयेत. कॅटेगरी 1 या लहान ट्रॅक्टरांच्या प्रमाणित मापात खालच्या पिना 22 मिमीच्या आणि वरची 19 मिमीची असते. अरुंद 1N प्रकारात मात्र खालच्या दोन पिनांमधले अंतर 683 मिमीऐवजी 400 मिमी असते. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणे हा तर उघड धोका आहे.

लेव्हलर तयार होऊनही रस्त्यावर बारीक लाटा येत असतील, तर आधी वेग कमी करावा आणि अवजाराची उंची ठरवणारा पोझिशन कंट्रोलचा लिव्हर पूर्ण खाली आहे ना, हे पाहावे. पाते एकाच बाजूला खोल खणत असेल, तर उजव्या लिंकचा लेव्हलिंग स्क्रू फिरवावा. दौंड-इंदापूरकडची काळी माती ओली असताना पात्याला चिकटून गोळा होते. तिथे वाफसा येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. मुरमाला मात्र उलट थोडी ओल लागते, कारण कोरडा मुरूम पात्यापुढे नुसता सुटा होतो आणि चाकांखाली पुन्हा दबत नाही.