‘पितॅऽ’ म्हणजे नुसतं ‘आवडणे’ नव्हे: फिनिश शिकताना या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात चार-पाच नवी मराठी मंडळी फिनिश शिकायला बसतात. प्रत्येकाच्या वहीत एक ओळ असतेच: ‘पितॅऽ = आवडणे’. ती मी आधी खोडायला लावतो. आवडणं, धरणं-ठेवणं आणि ‘करावं लागणं’ ही तिन्ही कामं हेच क्रियापद करतं. त्यातलं कुठलं, ते शेजारच्या शब्दांच्या प्रत्ययांवरून कळतं.

आवडत असेल तर वस्तूला ‘-स्ता’ लावा: ‘पिदॅन् काह्विस्ता’, मला कॉफी आवडते. ‘काह्विआ’ म्हणालात तर तुम्ही कॉफी हातात धरून उभे आहात. बोलताना लोक ‘पिदॅन्’ऐवजी ‘त्युक्कॅऽन्’ म्हणतात. ‘-स्ता’ तिथेही सुटत नाही.

‘पितॅन्’ असं रूपच नाही. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना त चा द होतो: पिदॅन्, पिदॅत्, पिदॅम्मे, पिदॅत्ते. तो आणि ते मात्र पितॅऽ, पितॅवॅत्. घोका. मोबाइलवर हिरव्या खुणा गोळा करून हे तोंडात बसत नाही.

‘मला जावं लागतं’ म्हणायला कुणी ‘मिनॅ (मी) पिदॅन् मेन्नॅ’ म्हटलं की माझं डोकं उठतं. घरात मराठी असताना इंग्रजीतून कशाला जायचं? मला जावं लागतं, तुला जावं लागतं, त्यांना जावं लागतं; ‘लागतं’ जागचं हलतं का? इथेही तसंच, फक्त ‘मला’ऐवजी ‘माझं’: मिनुन् पितॅऽ मेन्नॅ, सिनुन् पितॅऽ मेन्नॅ.

नकारात मात्र मी स्वतः तोंडावर आपटलोय. पहिल्या नोकरीत एका सहकारी बाईंना ‘उद्याच्या मीटिंगला तुम्ही नाही आलात तरी चालेल’ असं कळवायचं होतं. लिहिलं, ‘सिनुन् एइ पिदॅ तुल्ला कोकोउक्सेएन्’. म्हणजे, तू मीटिंगला येता कामा नये! बाई आल्या नाहीत. दुपारी कॉफीच्या वेळी समोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मिक्सि एइ?’ का नाही? मला वाटलं, कॉफी का घेत नाही म्हणून विचारतायत. मी लगेच कप भरून घेतला.

गरज नाही म्हणायचं तर ‘एइ तार्वित्से’. तेव्हापासून ‘एइ पिदॅ’ लिहून झालं की मी तेच वाक्य मराठीत ‘कामा नये’ लावून वाचतो, मगच पाठवतो.

भूतकाळातलं ‘मिनुन् पिति तुल्ला’ सोपं आहे: मला यायचं होतं. पुढचं ‘पण’ समोरच्याला आपोआप ऐकू येतं.