पेंटिंग घेताय? आधी उलटं करून बघा

मॉडर्न आर्टमधलं एखादं पेंटिंग घ्यायचंय, काय बघू, असं कुणी विचारलं की माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, समोरून बघून झालं की ते उलटं कर. जुन्या गॅलरीचं लेबल, प्रदर्शनाचा स्टिकर, खडूने लिहिलेला लिलावाचा नंबर, कॅनव्हास किती पिवळा पडलाय, लाकडी चौकटीला खिळे आहेत का पिना, चित्र आजवर कुठे कुठे फिरलं ते सगळं तिथे सापडतं. 1920 सालचं म्हणून दाखवलेल्या चित्राला मागे जुन्या खिळ्यांऐवजी चकचकीत स्टेपलरच्या पिना असतील तर लगेच खोटं म्हणायची घाई नको, कॅनव्हास नंतर पुन्हा ताणून बसवलेला असू शकतो, पण मग ते काम कधी केलं, कुणी केलं, का केलं हे विचारायचं, आणि विकणारा त-त-प-प करायला लागला की आपण काढता पाय घ्यायचा.

आता थोडं मागे येते. मॉडर्न म्हणजे आजचं नव्हे, साधारण 1860 ते 1970 पर्यंतच्या कामाला मॉडर्न म्हणतात आणि त्यानंतरचं ते कंटेम्पररी. हा नुसता शब्दांचा खेळ नाही, कारण दोन्हीकडची रिस्क वेगळी आहे. गेलेल्या चित्रकाराचं नवीन काम येणार नाही, भावाचा रेकॉर्ड मिळतो, पण नकलांचा सुळसुळाट असतो. जिवंत चित्रकाराचं काम खरं का खोटं ते त्यालाच विचारता येतं, पण दहा वर्षांनी त्याला कुणी विचारेल का हे ब्रह्मदेवालाही माहीत नाही.

पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका, खरंच. म्युझियम, गॅलरी, लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात ते प्रीव्ह्यू, सगळं फुकट किंवा थोडक्यात होतं, नुसतं बघत सुटा. पैसे नाहीत म्हणून जमणार नाही असं वाटत असेल तर न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल आठवा. तो पोस्टात टपाल वेगळं करायचा, ती लायब्ररीत होती, घरखर्च तिच्या पगारात आणि चित्रं त्याच्या पगारात. नियम एवढाच की परवडलं पाहिजे आणि छोट्याशा फ्लॅटमध्ये मावलं पाहिजे. तेव्हा ज्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं अशा मिनिमल (अगदी मोजके आकार-रंग वापरणाऱ्या) आणि कन्सेप्चुअल (चित्रापेक्षा कल्पनेलाच महत्त्व देणाऱ्या) चित्रकारांकडे ते थेट स्टुडिओत जायचे, आणि 1992 मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला देऊन टाकायचं ठरवलं तेव्हा त्यात दोन हजारांच्या वर कामं होती!

कागदपत्रं. इथे घाई म्हणजे पैसे पाण्यात. चित्र स्टुडिओतून निघाल्यापासून कुणाकुणाकडे होतं ती साखळी म्हणजे प्रोव्हेनन्स, आणि त्या चित्रकाराच्या सगळ्या कामांची अभ्यासकांनी केलेली यादी म्हणजे कॅटलॉग रेझोने, त्यात आपलं चित्र आहे का ते बघायचं, माप जुळतं का तेही बघायचं. पण कागदसुद्धा बनवता येतो बरं का. जर्मनीतला वुल्फगांग बेल्ट्राकी नकली चित्रं विकायचा, तर त्याने बायकोला तिच्या आजीसारखी नटवून, मागे भिंतीवर चित्रं टांगून जुन्या धाटणीचा फोटो काढला, की बघा, आजीच्या घरातला संग्रह आहे हा. पकडला गेला तो कशाने, तर पांढऱ्या रंगाने. 1914 सालचं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट सापडला, आणि तो रंग तेव्हा चित्रकारांना मिळतच नव्हता. 2011 मध्ये शिक्षा झाली. म्हणून महागडं काही घेत असाल तर लॅब टेस्टचा खर्च करा, आणि नुसतं विकणाऱ्याने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट असेल तर ते शोभेला ठेवा.

मी स्वतः फसले ते पेंटिंगमध्ये नाही, प्रिंटमध्ये. सुरुवातीला बजेट कमी म्हणून लिथोग्राफ, म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढून त्यावरून छापलेली प्रत, घेतला, पेन्सिलीची सही, कोपऱ्यात एडिशन नंबर, म्हणजे किती प्रतींपैकी ही कितवी ते, सगळं झकास. घरी आणून सहज भिंग लावलं तर रंगीत ठिपक्यांच्या फुलाफुलांच्या रांगा, म्हणजे मासिकात छापतात तसलं ऑफसेट, खऱ्या लिथोग्राफला असा शिस्तीतला ठिपका नसतो, दाणेदार वेडावाकडा पोत असतो. विकणाऱ्याने हात वर केले. तेव्हापासून पर्समध्ये दहा पटीचं भिंग आणि छोटा टॉर्च असतोच, टॉर्च चित्राला बाजूने तिरका धरला की भेगा, फुगवटे, नंतर लावलेले रंगाचे ठिगळ सगळं उठून दिसतं.

बरं, इन्व्हेस्टमेंट. समजा लिलावात 100 ला हातोडा पडला, म्हणजे बोली तिथे संपली, त्यावर लिलाव कंपनीचं कमिशन 25 टक्के धरा, म्हणजे तुम्ही दिले 125. विकताना कंपनीने 10 टक्के कापले तर नुसते 125 हातात यायला हातोडा 139 च्या आसपास पडायला हवा, आणि यात टॅक्स, विमा, वाहतूक, फ्रेम काहीच धरलेलं नाही. वर चित्रातून भाडं मिळत नाही, व्याज मिळत नाही, आणि लिलावात न विकलं गेलेलं चित्र पुढची काही वर्षं थोडं बदनामच होतं. पेंटिंगचे भाव अमुक टक्क्यांनी वाढले असे चार्ट दाखवतात ना, त्यात बहुतेक वेळा विकली गेलेलीच चित्रं असतात, पडून राहिलेली मोजणार कोण? त्यामुळे दहा वर्षं लागणार नाहीत तेच पैसे यात घाला, माझं तरी हेच मत.

एखाद्या मोठ्या नावाचं तिसऱ्या दर्जाचं काम घेण्यापेक्षा कमी गाजलेल्या चित्रकाराचं उत्तम काम घेतलेलं बरं. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते, लेखी मागा. आणि चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचे हक्क मिळाले असं नाही, ते सहसा चित्रकाराकडे किंवा वारसांकडेच राहतात.

घरी आल्यावर थेट ऊन नको, ओल येणारी भिंत नको, ओलं फडकं तर अजिबात नको, अ‍ॅक्रिलिकवर धूळ चिकटून बसते ती मऊ कोरड्या ब्रशनेच अलगद काढायची. कागदावरच्या कामाला अ‍ॅसिड नसलेलाच माउंट, म्हणजे फ्रेममधला चित्राभोवतीचा पुठ्ठा, लावा, नाहीतर काही वर्षांत कडेला तपकिरी पट्टा उमटतो आणि तो सहजासहजी जात नाही. कॅनव्हास गुंडाळायची वेळ आलीच तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून जाड नळीवर गुंडाळायचा, आत ठेवला तर रंग दाबला जाऊन तडकतो. आणि बिल, पत्रव्यवहार, समोरचे-मागचे फोटो सगळं एका फाइलमध्ये, कॉपी दुसरीकडे. जुन्या लेबलांवर मात्र नवीन काही चिकटवू नका, फ्रेमवाल्यालाही तसं बजावून सांगा, ती लोकं नीटनेटकं दिसावं म्हणून मागून ब्राउन पेपर मारून मोकळी होतात.