अठरा रविवार, अठरा प्रवचने : विनोबांना कसे वाचावे

मनाला स्वस्थता हवी असेल, तर पाच-सहा थोरांचे ग्रंथ एकदम चाळण्यापेक्षा एकच ग्रंथ संथपणे वाचावा, आणि मराठी वाचकाने त्यासाठी विनोबांची ‘गीता प्रवचने’ हाती घ्यावीत, असे मला मनापासून वाटते. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर एक, अशी ही अठरा प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून वाचनाची गतीही तीच ठेवावी.

रविवारी आधी त्या अध्यायाचे ‘गीताई’तले, म्हणजे विनोबांनीच केलेल्या गीतेच्या मराठी पद्यानुवादातले, श्लोक वाचावेत आणि मग प्रवचन सलग, शक्य तर मोठ्याने वाचावे, कारण ही मुळात बोललेली मराठी आहे. सोमवारी पुस्तक मिटून आठवेल तेवढे स्वतःच्या शब्दांत पानभर लिहावे. विनोबा साध्या जगण्यातले दाखले देतात. त्यांच्या जागी शिक्षकाने वर्गातला, शेतकऱ्याने शिवारातला दाखला शोधावा. दाखला स्वतःचा सापडला की विचारही आपला होऊ लागतो, आणि सर्जनाची सुरुवात मला तिथेच दिसते.

चौथ्या-पाचव्या अध्यायांपाशी मात्र रेंगाळावे. गरज वाटल्यास दोन रविवार अधिक द्यावेत. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली, म्हणजेच विनोबांच्या भाषेत विकर्म मिळाले, की कर्माचा भार उरत नाही आणि त्याचे अकर्म होते, हा या ग्रंथाचा गाभा आहे. तो नुसत्या वाचनाने उमगत नाही. पोळ्या लाटणे, हिशेब लिहिणे असे रोजचे एखादे काम निवडून ते आठवडाभर फोन दूर ठेवून, पूर्ण मन लावून करावे आणि शीण कमी होतो का, ते पाहावे.

सहाव्या अध्यायात चित्ताच्या एकाग्रतेसोबत जीवनाची परिमितता आणि समदृष्टी येते. त्यांपैकी परिमितता लगेच आचरता येते, म्हणून आहार, झोप, बोलणे यांपैकी एकाच गोष्टीला त्या आठवड्यात माप घालावे.

एखादा रविवार चुकला, तर पुढच्या वेळी दोन प्रवचने एकत्र उरकू नयेत. अठरावे संपल्यावर आपली लिहिलेली पाने क्रमाने वाचावीत, जिथे केवळ विनोबांचेच शब्द उतरले असतील त्या अध्यायांकडे पुन्हा जावे, आणि त्यानंतरच ज्ञानेश्वरी उघडावी.