घरच्यांवर फिल्म करताय? आधी गप्प बसायला शिका

स्वतःच्या घरावर पहिली फिल्म करायला निघालेल्यांना कॅमेरा कुठला घ्या हे मी सांगणार नाही. मी कुठे फसले तेवढं सांगते.

आजोबा घर सोडून का गेले, ते मला शोधायचं होतं. ते कळलं की मी कोण हेही उलगडेल, अशी आशा होती. बाबांना कॉलर माइक लावला आणि विचारलं, "तुम्हाला राग आला असेल ना?" ते थांबले. मला ती शांतता सोसवेना. मीच म्हटलं, "म्हणजे, एकटं वाटलं असेल." बाबा म्हणाले, "हो, तसंच."

असं अकरा तासांचं फुटेज जमलं. एडिटला बसले तेव्हा दिसलं: बाबा श्वास घेतात, ओठ उघडतात आणि तेवढ्यात माझा आवाज येतो. दर वेळी. उत्तरं माझी होती, तोंड फक्त त्यांचं. हे एडिटमध्ये निस्तरत नाही. माझा आवाज काढला की त्यांचं "हो" लोंबकळतं, ठेवला की माझंच गृहीतक पडद्यावर येतं. म्हणून "ना?"वर संपणारा प्रश्न विचारूच नका. "त्या दिवसाचं सांगा" एवढंच म्हणा. उत्तर संपलंसं वाटलं की मनात दहा आकडे मोजा. खरंच मोजा.

"व्हॉइसओव्हरने सांधून घे" असा सल्ला मला एका अनुभवी माणसाने दिला होता. असा सल्ला ऐकू नका. जो तुमचं कच्चं फुटेज बसून बघतो, तोच मार्गदर्शक.

घरात सुपर ८ची, म्हणजे पूर्वी घरगुती चित्रीकरणाला वापरायच्या छोट्या फिल्मची, जुनी रिळं असतील तर स्कॅन करताना वेग तपासा. ती बहुधा सेकंदाला १८ फ्रेमने चित्रित केलेली असतात. २५ने चालवली तर माणसं पळत सुटतात. आमचे आजोबा मला कित्येक दिवस घाईतले वाटत होते. वेग बरोबर केल्यावर ते दारात नुसते रेंगाळत होते.

बाबांशी पुन्हा बसले. घाबरू नका, घरची माणसं दुसरी संधी देतात. शेवटी ३० सेकंद रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज, घ्यायचा होता; तेव्हा कुणीच बोलायचं नाही. अर्ध्यातच बाबा म्हणाले, "राग नव्हता गं आला. सुटल्यासारखं वाटलं होतं."

रूम टोन वाया गेला. एडिट केलेली फिल्म तयार झाल्यावर ती आधी बाबांना दाखवली, ते वाक्य ठेवू का विचारलं. "ठेव," म्हणाले, "पण बाहेर दाखवण्याआधी आत्याला दाखव. तिचेही वडील होते ते."