लांबच्या फ्लाइटचं तिकीट काढायच्या आधी एवढं बघून घ्या

सगळ्यात आधी एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड लिहून घ्या, नुसत्या शहराच्या नावावर जाऊ नका, सॅन होजे कॅलिफोर्नियात पण आहे (एसजेसी) आणि कोस्टारिकात पण (एसजेओ), आणि लंडन म्हणाल तर हीथ्रो की गॅटविक ते ठरल्याशिवाय पुढचं काही मोजताच येत नाही. मग अंतर. नेटवर जे दिसतं ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं कमीत कमी अंतर असतं, सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते जमणार नाही. आकडा किलोमीटरचाच आहे ना ते पण बघा, विमानवाले नॉटिकल माइलमध्ये बोलतात, 1 म्हणजे 1.852 किमी. आणि 20 हजार किमीच्या फार वर आकडा आला तर सरळ चूक समजा, अख्ख्या पृथ्वीचा घेरच 40 हजाराच्या आसपास आहे.

वेळेसाठी माझा आपला कच्चा हिशोब, किमीला 850 ने भागायचं आणि वर अर्धा तास टाकायचा. सिंगापूर ते न्यूयॉर्क जेएफके 15,300 किमीच्या जरा वर, म्हणजे साडेअठरा तास, आणि खरंच साधारण तेवढेच लागतात. पण जायची आणि यायची वेळ वेगवेगळी लिहा बरं का, वरचा वारा (तोच तो जेट स्ट्रीम) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला सातेक तासांत पोचतो तोच माणूस परत येताना आठ तास बसतो. रस्ता वळवलाय का ते पण बघा, हेलसिंकी ते टोकियो आधी साडेनऊ-दहा तासांत व्हायचं, 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तेच तेराच्या आसपास गेलं, एअरपोर्ट काही जागचे हलले नाहीत!

आता खरा घोळ घड्याळाचा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यांची सरळ वजाबाकी केली की फसलात. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून सोमवारी रात्री 10.30 ला निघालात, पावणेएकोणीस तास उडालात, तर न्यूयॉर्कच्या घड्याळात मंगळवारची संध्याकाळ असते पण सिंगापूर 13 तास पुढे, म्हणजे उतरता बुधवारी सकाळी सव्वासहाला. हॉटेल बुधवारचं हवं, लोक मंगळवारचं करून बसतात. उन्हाळ्यात हाच फरक 12 तासांचा होतो, कारण अमेरिका घड्याळं पुढे करते, सिंगापूर करत नाही.

मध्ये स्टॉप असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर आहेत का ते आधी बघा, वेगळी तिकिटं असली की पहिलं विमान लेट झाल्यावर दुसरं सहसा तुमच्यासाठी थांबत नाही आणि बॅगपण बऱ्याचदा स्वतः उचलून परत द्यावी लागते, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अशा वेळी मी चार तासांच्या खाली गॅप घेतच नाही. शेवटी घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतचे तास एकत्र लिहा, तीन तास आधी पोचणं, इमिग्रेशनची लाइन, बॅगेची वाट सगळं धरून, आणि घ्यायला येणाऱ्याला उतरायची तारीख वारासकट पाठवा.